बॅट घेऊन परदेशी : टेबल टेनिसच्या हौशी खेळाडूंचे प्रश्न

नोकरी-धंदा सांभाळून टेबल टेनिस खेळणाऱ्यांनी सरावासाठी परदेशी जावं का, आणि जायचं तर तयारी कशी करावी, याबद्दल नागपुरातून आलेली निवडक पत्रं या वेळी घेतली आहेत. बहुतेकांनी पहिल्याच ओळीत ‘कुठे जाऊ?’ असं विचारलं आहे. आम्हाला त्याआधीचा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो: तिथे रोज किती तास, कोणासमोर आणि कोणत्या कामासाठी खेळणार? उत्तरं त्याच अंगाने दिली आहेत.

प्रश्न : वय ३४. क्लबमध्ये आठवड्यातून तीन दिवस, दीड-दीड तास खेळतो. बारा दिवसांची रजा मिळू शकते. चीनला जावं, जर्मनीला की जपानला?
– बँक कर्मचारी, सिव्हिल लाइन्स

उत्तर : आधी रजेचा हिशेब मांडू. तुम्ही आठवड्याला साडेचार तास खेळता. शिबिरात रोज दोन सत्रं असतात, प्रत्येक दोन ते अडीच तासांचं. म्हणजे तिथला एक दिवस तुमच्या इथल्या आठवड्याएवढा झाला. बारांपैकी दोन दिवस प्रवासात जातील, पोहोचल्यावर एक दिवस शरीराला द्यावा लागेल, मधे अर्धा दिवस विश्रांती हवीच. उरले आठ-साडेआठ दिवस, साधारण चाळीस तास. एवढ्यात अख्खा खेळ बदलत नाही. एखादा फटका किंवा एखादी वाईट सवय मात्र नक्की सुधारते. ती कोणती, हे नागपुरातच ठरवून निघा. त्यासाठी आपल्या तीन सामन्यांचं चित्रण करा आणि गेलेले गुण चार रकान्यांत मांडा: सर्व्हिस घेताना गेलेले, तिसऱ्या चेंडूवर (आपल्या सर्व्हिसनंतरच्या आपल्या पहिल्या फटक्यावर) गेलेले, लांब रॅलीत गेलेले आणि आपणहून दिलेले. सगळ्यात भरलेला रकाना म्हणजे तुमचं काम.

आता देश. चीनमधल्या सरावाचा कणा मल्टीबॉल आहे. कोच टोपलीतून चेंडू काढून एकापाठोपाठ एक, हव्या त्या फिरकीने, हव्या त्या जागी टाकत राहतो. एकच फटका शेकडो वेळा मारून घट्ट करायचा असेल तर याहून चांगली सोय नाही. हबेई प्रांतातलं झेंगडिंगचं राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र, शांघायच्या क्रीडा विद्यापीठातलं टेबल टेनिस महाविद्यालय ही नावं सगळ्यांनी ऐकलेली असतात. पण हौशी पाहुण्याला राष्ट्रीय संघाच्या शेजारचं टेबल मिळत नसतं. त्याच्या वाट्याला जो कोच आणि जो जोडीदार येणार, त्यावर सगळं अवलंबून. त्यामुळे केंद्राच्या नावाला पैसे देऊ नका, कोचच्या तासांना द्या. भाषेची अडचण खरी आहे: ‘मनगट सैल ठेव’ आणि ‘कोपर खाली घे’ यांतला फरक हातवाऱ्यांनी कळत नाही. इंग्रजी बोलणारा कोच किंवा दुभाषा आधीच ठरवा. गूगल आणि व्हॉट्सअॅप तिथे चालत नाहीत, आणि दुकानात पैसे फोनवरूनच दिले जातात. अलीपे हे अॅप नागपुरातच उतरवून त्याला आपलं आंतरराष्ट्रीय कार्ड जोडा आणि परदेशी व्यवहारांची परवानगी बँकेतून सुरू करून घ्या.

जर्मनीत गावोगावी क्लब आहेत आणि हौशी प्रौढांच्या लीग खालपासून वरपर्यंत बांधलेल्या आहेत. तिथे एका संध्याकाळी चॉप करणारा (खालच्या फिरकीने चेंडू कापणारा), लाँग पिंपल्सवाला (लांब दाण्यांचं रबर लावणारा), डावखुरा आणि फक्त ब्लॉकवर (आलेला चेंडू नुसता अडवून परतवण्यावर) जिंकणारा असे चौघे भेटू शकतात. शिवाय प्रौढ हौशी खेळाडूंसाठी आठवडाभराची शिबिरं हा तिथला रुळलेला प्रकार आहे. ड्युसेलडॉर्फमध्ये बोरुसिया हा नामवंत क्लब आणि राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र एकाच आवारात आहेत. आपला शरत कमलही या क्लबकडून बुंडेसलीगा, म्हणजे जर्मनीची अव्वल लीग, खेळला आहे. जपानच्या शहरांत तासाच्या भाड्याने टेबल आणि कोचचा धडा मिळणारे हॉल असतात. दुसऱ्या कामासाठी गेलात तर ते उत्तम, पण खास त्यासाठी बारा दिवसांची रजा आम्ही खर्च करणार नाही.

तुमचे गुण सर्व्हिस घेताना किंवा अनोळखी खेळासमोर जात असतील तर जर्मनी; एखादा फटकाच कच्चा असेल तर चीन. पैसे भरण्याआधी हे लेखी विचारा: एका टेबलावर किती जण, एका कोचकडे किती टेबलं, जोडीदार कोणत्या दर्जाचा आणि तो दरात धरला आहे का, मल्टीबॉल माणशी किती मिनिटं, चेंडू आणि टेबल कोणत्या कंपनीचं. मल्टीबॉलचा प्रश्न सोडू नका. दोघांत एक टेबल असेल तर एक जण मारतो तेव्हा दुसरा चेंडू गोळा करतो, आणि अडीच तासांच्या सत्रातला तुमचा वाटा सव्वा तास होतो.

प्रश्न : शिबिराच्या अर्जात ‘लेव्हल’ विचारली आहे. मी जिल्हा स्पर्धेत दोन फेऱ्या जिंकते. हे तिकडे कसं सांगायचं?
– शिक्षिका, मानेवाडा

उत्तर : शब्दांत सांगू नका, चित्रण पाठवा. जर्मनीत प्रत्येक नोंदणीकृत खेळाडूला टीटीआर नावाचा गुणांक असतो. अगदी नवखे हजाराच्या आत, अव्वल व्यावसायिक अडीच हजाराच्या पुढे. अर्जात तो रकाना असतो म्हणून लोक अंदाजे आकडा भरतात आणि चुकीच्या गटात पडतात. रकाना मोकळा ठेवा आणि ‘भारतातून येते, चित्रण सोबत’ असं लिहा.

चित्रण चार मिनिटांचं पुरे. पहिलं मिनिट फोरहँड आणि बॅकहँड टॉपस्पिन (चेंडूला पुढची फिरकी देणारा फटका), समोरून ब्लॉक. दुसरं मिनिट पुश (खालच्या फिरकीचा संथ फटका) आलेल्या चेंडूवर टॉपस्पिन, कारण कोचला खरा दर्जा इथेच दिसतो. उरलेली दोन मिनिटं सामन्यातला सलग भाग, हरलेल्या गुणांसकट. कॅमेरा तुमच्या मागे, थोडा बाजूला, दीड मीटर उंचीवर ठेवा. पाय आणि अख्खं टेबल दिसलं पाहिजे. फक्त चांगले फटके कापून जोडले तर तुमच्याहून दोन पायऱ्या वरचा गट मिळेल. मग जोडीदार तुमच्यासमोर कंटाळेल आणि तुम्ही आठवडाभर चेंडू उचलत राहाल.

प्रश्न : आम्ही तीन मित्र मे महिन्यात जर्मनीला जाऊ म्हणतो. शिबिर नको, क्लबमध्ये खेळायचं आहे. मे योग्य आहे का? व्हिसासाठी क्लबचं पत्र लागतं का?
– प्रतापनगर

उत्तर : मे चांगला आहे. तिथला लीगचा हंगाम ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरला सुरू होऊन एप्रिलपर्यंत संपतो. मे महिन्यात सामन्यांचं ओझं नसतं, त्यामुळे पाहुण्याबरोबर निवांत खेळायला लोक तयार असतात. अडचण एकच: बहुतेक क्लब शाळेच्या व्यायामशाळेत खेळतात आणि शाळेला सुट्टी असली की हॉललाही कुलूप असतं. उन्हाळी सुट्टीच्या तारखा प्रत्येक राज्यात वेगळ्या, जूनअखेरपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत पसरलेल्या. मेमध्ये १ मेची सुट्टी आहे आणि ईस्टरवरून ठरणाऱ्या सुट्ट्या मे-जूनमध्ये येतात. बव्हेरियात तर त्या सुमारास शाळा दोन आठवडे बंद असते. तुमच्या आठवड्याचं कॅलेंडर त्या-त्या राज्याच्या शाळेच्या सुट्टीवर ठेवून बघा, मगच तिकीट काढा.

प्रौढांचा सराव आठवड्यातून दोन-तीन दिवस, संध्याकाळी साडेसात-आठ ते दहाच्या आसपास असतो. रोज खेळायचं तर जवळपासचे दोन-तीन क्लब जोडावे लागतात: एकाचा मंगळवार-गुरुवार, दुसऱ्याचा सोमवार-शुक्रवार. महिनाभर आधी ईमेल करा. त्यात कोण, कोणत्या तारखांना, किती जण, दर्जा काय आणि चित्रणाची लिंक, एवढं पाच ओळींत मावतं. बरेच क्लब पाहुण्याला एक-दोन संध्याकाळी पैसे न घेता खेळू देतात, पण विचारून जा. हॉलमध्ये वेगळे, स्वच्छ, डाग न पाडणारे बूट लागतात. रस्त्यावरचे बूट घालून कोणी आत येत नाही. टेबलं मांडणं, जाळ्या बांधणं, शेवटी सगळं घडी करून आत ठेवणं हे काम सगळे मिळून करतात. पाहुण्याने त्यात हात लावावा, कारण पुढच्या वेळचं आमंत्रण त्यावरच ठरतं. आणि तिथे तिघांनी आपसात खेळू नका. वेगवेगळ्या टेबलांवर विखरून जा.

व्हिसा शेंगेन (युरोपातल्या अनेक देशांचा सामायिक), अल्प मुदतीचा. नागपूरकर जर्मनीच्या मुंबईतल्या वाणिज्य दूतावासाच्या कक्षेत येतात. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो, उशिरात उशिरा १५ दिवस आधी. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, कागदांवर शंका आली तर ४५ पर्यंत. मेचा प्रवास असेल तर अपॉइंटमेंट फेब्रुवारीतच शोधायला लागा, कारण मे हा सगळ्यांच्याच सुट्टीचा महिना. शुल्क मोठ्यांना ९० युरो, वर व्हिसा अर्ज केंद्राचा सेवा आकार. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा आणि पूर्ण मुक्कामाचा. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीनंतर तीन महिने तरी चालणारा, दोन पानं कोरी. मुदत संपत आली असेल तर पासपोर्ट कार्यालयाचं काम आधी उरका.

पर्यटक म्हणून जाताना क्लबचं पत्र सक्तीचं नाही, पण असलं तर अर्जाला बळ येतं. त्यात तारखा, सराव विनामोबदला आहे हे, आणि राहण्या-खाण्याचा खर्च कोण करणार, हे असावं. सराव लपवू नका. सोबतच्या पत्रात सरळ लिहा की हौशी खेळाडू आहोत, स्वखर्चाने जातो आहोत. अर्ज फसतात ते बहुतेक साध्या कारणांनी: विम्याच्या तारखा तिकिटाहून एक दिवस कमी, हॉटेलच्या रात्रींमध्ये एक रात्र गायब, अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यात अचानक आलेली मोठी रक्कम, नोकरदाराचं रजेचं पत्र नाही. आणि ज्या देशात जास्त रात्री, त्याच देशाकडे अर्ज. जर्मनीत चार आणि फ्रान्समध्ये सहा रात्री असतील तर जर्मनीकडचा अर्ज चुकीचा ठरतो.

प्रवासासाठी नागपूरहून दोहाचं थेट विमान त्या दिवशी आहे का ते आधी बघा. नसेल तर मुंबई किंवा दिल्ली. नागपूर-मुंबई आणि पुढचं तिकीट वेगवेगळं काढलं तर मुंबईत सामान स्वतः घेऊन पुन्हा द्यावं लागतं. मधे किमान पाच तास ठेवा.

प्रश्न : बॅट आणि रबरं कशी न्यायची? मित्र म्हणतो, परदेशात बॅट ‘वेगळीच लागते’. असं का होतं?
– धरमपेठ

उत्तर : मित्राचं म्हणणं खरं आहे आणि त्याचं कारण बरंचसं नागपुरातच आहे. मे-जूनमध्ये आपल्या हॉलमध्ये कूलर चालतो. कूलरची ओली हवा रबरावर बारीक ओलावा धरते, चेंडू रबराला पकडत नाही, घसरतो आणि टॉपस्पिन जाळ्यात जातो. खेळाडू नकळत बॅटचा कोन उघडतो आणि जोर वाढवतो. महिना-दोन महिन्यांत तीच सवय होते. मग कोरड्या, एसी किंवा हीटर लावलेल्या हॉलमध्ये तोच फटका टेबलाबाहेर जातो. पहिल्या दिवशी असं झालं की लोक रबर बदलायला धावतात किंवा फटकाच आखडतात. दोन्ही करू नका. पहिला अर्धा तास संथ, उंच कमानीचे, भरपूर फिरकीचे टॉपस्पिन मारा. हात स्वतः कोन शोधतो. जाण्याआधीचे दोन आठवडे कूलरच्या थेट झोतापासून लांबचं टेबल घ्या आणि दर गेमनंतर रबर कोरड्या कापडाने पुसा.

दुसरं कारण चेंडू. २०१४ पासून ४०+ (४० मिलिमीटरहून किंचित मोठे) प्लास्टिकचे चेंडू आले, पण प्रत्येक कंपनीच्या चेंडूचा टणकपणा आणि उसळी थोडी वेगळी. शिबिरात कोणता चेंडू वापरतात ते विचारून अर्धा डझन मागवा आणि शेवटचे पंधरा दिवस त्यानेच खेळा.

आता सामान. सारख्या प्लायच्या (बॅटच्या लाकडी फळीच्या), सारख्या रबरांच्या दोन बॅट न्या. चाळीस तासांत प्लायची कड टेबलावर आपटून रबर फाटणं अगदी शक्य आहे, आणि अनोळखी बॅटवर उरलेलं शिबिर वाया जातं. नवं रबर निघण्याच्या पंधरा दिवस आधी लावा. पाण्याचा ग्लू वापरा. स्पंजवर दोन पातळ थर, प्लायवर एक. प्रत्येक थर पांढऱ्याचा पारदर्शक होईपर्यंत वाळू द्या. नागपूरच्या उन्हाळ्यात हे लवकर होतं, पावसाळ्यात दुप्पट वेळ लागतो. ओला असताना दाबलं तर आत बुडबुडे राहतात आणि त्या जागी चेंडू मेल्यासारखा पडतो. सॉल्व्हंटचे ग्लू सप्टेंबर २००८ पासून खेळातच बंद आहेत आणि ते ज्वलनशील असल्याने विमानातही चालत नाहीत. पाण्याच्या ग्लूची छोटी बाटली चेक-इन सामानात घाला. सेल्युलॉइडचे जुने चेंडू पेट घेतात, ते घरीच ठेवा.

बॅट मात्र केबिन बॅगेत, कडक केसमध्ये. सुरक्षातपासणीत विचारलं तर केस उघडून दाखवा. मेमध्ये उन्हात उभ्या गाडीत बॅट तासभर राहिली तरी ग्लू सुटून रबराच्या कडा उचलल्या जातात, म्हणून विमानतळावर जातानाही ती डिकीत ठेवू नका.

बुटांकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी कोटा, टाइल किंवा सिमेंटवर खेळतात, पाय थोडा सरकतो आणि त्या सरकण्यावरच आपलं फुटवर्क बसलेलं असतं. शिबिरात लाल रबरी मॅट असते, ती बूट धरून ठेवते. पाय थांबतो, गुडघा वळत राहतो. जाड टाचेचे धावण्याचे बूट तिथे घोटा मुरगळवतात. सपाट, गम सोलचे टेबल टेनिसचे बूट घ्या आणि ते इथेच तीन आठवडे वापरून मऊ करा. पांढरे टी-शर्ट नेऊ नका, चेंडू पांढरा असतो आणि सामन्यात ते चालत नाहीत.

प्रश्न : वय ४७, उजवा गुडघा अधूनमधून बोलतो. रोज पाच तास झेपेल का?
– त्रिमूर्तीनगर

उत्तर : आधी ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवा आणि ‘मॅटवर रोज पाच तास, बाजूला हालचाल’ असं स्पष्ट सांगा. त्यांनी होकार दिला तर सहा आठवडे घ्या. पहिले दोन आठवडे चार दिवस दीड-दीड तास. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दोन दिवस सकाळ-संध्याकाळ दोन सत्रं. पाचव्या आठवड्यात सलग तीन दिवस दोन सत्रं. ही खरी परीक्षा. सहाव्यात निम्मं करा. उन्हाळ्यात सकाळचं सत्र सहाला सुरू करून आठला संपवा. जोडीला बाजूला सरकण्याची शॅडो प्रॅक्टिस (चेंडूशिवाय हालचालीचा सराव) ३० सेकंद, तितकीच विश्रांती, असं आठ वेळा; पोटऱ्यांचे उठाव १५ चे तीन संच; खांद्यासाठी रबर बँड १५ चे तीन संच.

शिबिराचा तिसरा दिवस सगळ्यात जड जातो, कारण स्नायूंचं दुखणं एक ते तीन दिवसांत शिगेला पोहोचतं. त्या दुपारी सर्व्हिस आणि रिसीव्हचा सराव मागून घ्या; कोच हरकत घेत नाहीत. मात्र सांध्याचं टोचरं दुखणं किंवा सूज आली तर खेळ थांबवा, ते स्नायूंचं दुखणं नव्हे. विमा घेताना हौशी खेळातली दुखापत त्यात धरली आहे का ते कलम वाचा. काही योजनांत स्पर्धा वगळलेल्या असतात.

प्रश्न : मुलगा १३ वर्षांचा, शालेय स्पर्धांत विभागापर्यंत खेळतो. उन्हाळ्यात तीन आठवडे एकट्याला चीनला पाठवावं का?
– पालक, खामला

उत्तर : एकट्याला नको. या वयात फटक्याचं तंत्र अजून घडत असतं, आणि तीन आठवड्यांत नवा कोच ते मोडतो पण पुन्हा बांधून देण्याइतका वेळ त्याच्याकडे नसतो. परत आल्यावर इथला कोच जुन्या पद्धतीकडे ओढतो आणि मूल मधल्या मधे गोंधळतं. अशा मुलांचे पुढचे सहा महिने निकाल घसरतात आणि दोष मुलावर येतो, याचं आम्हाला मनापासून वाईट वाटतं. त्याचा इथला कोच सोबत जात असेल, किंवा निदान दोन्ही कोच आधी बोलून ‘फक्त फुटवर्क आणि सर्व्हिसवर काम, पकड बदलायची नाही’ असं ठरवत असतील, तर जरूर पाठवा.

तरी जायचं ठरलं तर जुलै-ऑगस्ट टाळा, तेव्हा चिनी मुलांच्या सुट्टीमुळे केंद्रं भरलेली असतात. आपल्या मे महिन्यात तिथे शाळा चालू असते: हॉल मोकळा, पण बरोबरीची मुलं फक्त संध्याकाळी. व्हिसा कोणत्या प्रकारचा हवा हे केंद्राच्या निमंत्रणपत्रावर ठरतं. पर्यटनासाठी एल, अल्पकालीन शिक्षणासाठी एक्स-२. केंद्राला विचारून तसंच पत्र मागवा. आई-वडिलांपैकी जो सोबत नसेल त्याचं नोटरी केलेलं संमतीपत्र आणि जन्मदाखला बरोबर ठेवा. त्याआधी एक आठवडा चेन्नई, मुंबई किंवा पुण्यात घराबाहेर राहून सराव करून बघा. तिथे तो जेवला, झोपला, स्वतःचे कपडे धुतले आणि पाचव्या दिवशीही सरावाला हसत गेला, तर पुढचा विचार करता येईल.

प्रश्न : निवृत्त आहे, वय ६१. बॅकहँडला लाँग पिंपल्स. जागतिक स्पर्धेत हौशी माणसाला खेळता येतं म्हणतात, ते खरं का?
– एक वाचक भगिनी, लक्ष्मीनगर

उत्तर : अगदी खरं, आणि तुम्ही जावं असं आम्हाला वाटतं. वर्ल्ड मास्टर्स ही ४० वर्षांपुढच्यांची स्पर्धा, दर पाच वर्षांचा एक गट. निवडचाचणी नाही, नाव नोंदवून शुल्क भरायचं. २०२३ ची मस्कतला, २०२४ ची रोमला झाली, २०२६ साठी दक्षिण कोरियातलं गांगनुंग ठरलं. आधी तीन-चार जणींच्या गटात साखळी सामने, पहिल्या दोघी मुख्य फेरीत, बाकीच्या सांत्वन फेरीत. म्हणजे सगळे सामने हरलात तरी तीन-चार सामने हमखास मिळतात.

तुमच्या रबराची तपासणी मात्र आजच करा. लाँग पिंपल्स चालतात, पण आंतरराष्ट्रीय महासंघाच्या मान्य यादीतली. हँडलजवळ महासंघाची खूण वाचता आली पाहिजे, त्यामुळे चिकटवताना ती कापू नका. अगदी गुळगुळीत, घर्षण नसलेली जुनी पिंपल्स २००८ पासून बाद आहेत. क्लबात अजून कोणाकोणाकडे दिसतात. एक बाजू काळी हवीच, दुसरी लाल किंवा २०२१ पासून मान्य झालेल्या गुलाबी, जांभळ्या, हिरव्या, निळ्या रंगांपैकी. आणि सर्व्हिस: चेंडू उघड्या सपाट तळव्यावर, टेबलाच्या मागच्या रेषेमागे, किमान १६ सेंटीमीटर सरळ वर उडवून, प्रतिस्पर्ध्याला दिसेल असा. आपल्याकडच्या मैत्रीच्या सामन्यांत हातातूनच मारलेली सर्व्हिस खपते, तिथे गुण जातो. रोज ५० सर्व्हिस या नियमाने करा. दोन महिन्यांत अंगवळणी पडेल.

प्रश्न : शाकाहारी आहे. खाण्याचं काय? आणि क्लबला भेट म्हणून संत्रा बर्फी नेऊ का?
– गोकुळपेठ

उत्तर : जर्मनीत अडचण नाही. चीनमध्ये भाजीतही मांसाचा रस्सा असतो, म्हणून ‘मांस, मासे, मांसाचा रस्सा नको’ असं चिनी अक्षरांत लिहिलेलं कार्ड खिशात ठेवा. सातूचं पीठ, भाजलेले शेंगदाणे, कोरडे भाजलेले पोहे सरावाच्या दिवसांत कामी येतात. युरोपीय संघात बाहेरून दूध-मांसाचे पदार्थ आणायला मनाई आहे, त्यामुळे खव्याची बर्फी, पेढे, तूप नेऊ नका. ताजी संत्रीही प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. क्लबला नागपुरी हातमागाचा टॉवेल द्या. हॉलमध्ये रोज लागतो.

प्रश्न : मागच्या वर्षी शिबिर करून आलो. दोन महिन्यांत सगळं विसरलो. पुढच्या वेळी काय वेगळं करू?
– सदर

उत्तर : शिबिरात वीस-पंचवीस प्रकारचे सराव होतात आणि लोक सगळेच वहीत उतरवून आणतात. शेवटच्या दिवशी कोचला विचारा: माझ्यासाठी यातले कोणते तीन? तेवढेच कोचच्या सूचनांसकट चित्रित करून आणा.

तिन्हींपैकी एक बहुधा फाल्केनबर्ग असेल. स्वीडनमधल्या त्या नावाच्या क्लबवरून ओळखला जाणारा हा सराव मल्टीबॉलशिवाय, साध्या जोडीदाराबरोबर नागपुरात कुठेही करता येतो. जोडीदार आपल्या बॅकहँडच्या कोपऱ्यातून ब्लॉक करतो: दोन चेंडू तुमच्या बॅकहँडला, तिसरा फोरहँडला लांब. पहिला बॅकहँडने मारा, दुसऱ्याला वळसा घेऊन त्याच कोपऱ्यातून फोरहँड, तिसऱ्याला धावत जाऊन फोरहँड, पुन्हा बॅकहँडला. तुमचे तिन्ही फटके जोडीदाराच्या बॅकहँडलाच गेले पाहिजेत, नाहीतर साखळी तुटते. चुकतं ते असं: वळसा घेताना खेळाडू टेबलाला चिकटतो आणि हाताला जागा उरत नाही, उजवा पाय मागे आणि डावा बाहेर, असं अंतर काढा. किंवा तिसरा फटका पूर्ण जोराने मारून तिथेच रेंगाळतो. तो ७० टक्के जोराने मारा आणि चेंडू समोरच्या बाजूला टप्पा घेण्याआधी परत निघा. सलग चार चक्रं जमली की जोडीदाराने वेग वाढवावा, आधी नाही. सात मिनिटं तुमची, सात त्याची.

क्लबात मल्टीबॉलही करता येतो. ६०-७० जुने पण एकाच कंपनीचे चेंडू, एक बादली, टेबलामागे बांधलेली मच्छरदाणीची जाळी. चेंडू टाकणारा नवखा असेल तर एकच फिरकी, एकच जागा. ५० चेंडू झाले की अदलाबदल. चेंडूंच्या मधला वेळ फटका पूर्ण होऊन बॅट परत जागेवर येईल एवढा ठेवा. घाईने टाकलेल्या मल्टीबॉलमध्ये फटका अर्धवट राहण्याची सवय लागते, आणि शिबिरात सुधारलेलं बहुतेकांचं इथेच बिघडतं.

आठवड्यात तीन दिवस, दीड-दीड तास खेळत असाल तर त्यांपैकी एक दिवस गेम खेळू नका. त्या दीड तासात हे तीन सराव आणि वीस मिनिटं सर्व्हिस बसते. क्लबातले लोक ‘एक गेम हो जाये’ म्हणतील, तेव्हा वार ठरलेला असला की नकार देणं सोपं जातं. मंगळवार ठेवा, शनिवार-रविवारी टेबल मोकळं मिळत नाही.